चीर जोडाशेजारीच का गेली?

"बारावीला ८१ टक्के आहेत, पण मुलगा सदान्‌कदा शिलाईच्या जुन्या पायमशीनच्या मागे. तिच्या स्टँडचा तुटलेला पाय वेल्डिंगने जोडला, तोही टिकला नाही. शेवटी तो क्लासला गेला असताना मी ते सगळं भंगारात दिलं. आता कॉम्प्युटर इंजिनिअरिंगकडे कसा वळवू? हल्ली तो घरात बोलतही नाही," असं तुम्ही लिहिता.

नमस्कार. टक्के चांगले आहेत, त्यांची काळजी सोडा. तो का बोलत नाही, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. महिनोन्‌महिने ज्याचा गंज त्याने खरवडून काढला, ते त्याच्या पाठीमागे विकलंत. स्पष्टच सांगते, आधी त्याची माफी मागा, फॉर्मचं नंतर बघू.

वेळ वाया घालवल्याचा पुरावा म्हणून त्याच्या वहीचा फोटो पाठवलात. त्यात स्टँडचं चित्र आहे आणि खाली पेन्सिलीने लिहिलंय: 'जोड शाबूत. मग चीर जोडाला लागून का गेली?' हे पान मी पुन्हा पुन्हा पाहिलं.

जोड टिकला नाही म्हणजे हातात कसब नाही, असं तुम्ही धरून चाललात. पण हा स्टँड बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, आणि बिडाचं तसं नसतं. साध्या स्टीलमध्ये कार्बन ०.२ टक्क्यांच्या आसपास, बिडात अडीच ते चार टक्के. वेल्डिंगचा साधा रॉड वापरला की तो कार्बन वितळलेल्या धातूत उतरतो, आजूबाजूचं गार बीड उष्णता झटकन ओढून घेतं आणि जोडाची कड काचेसारखी ठिसूळ होते. निवताना जोड आक्रसतो. बिडाला ताणलं जाणं माहीतच नाही, ते तडकतं. म्हणून जाणकार निकेलचा रॉड घेतात, इंचभर वेल्ड करून गरम असतानाच हलकं ठोकतात, हात लावता येईल इतकं निवू देतात, मगच पुढे जातात. किंवा पितळेने झाळतात, त्यात बीड वितळवावंच लागत नाही. तुमच्या मुलाला चूक नेमकी कुठे झाली ते दिसलंय, फक्त त्याचं कारण कळायचं राहिलंय.

या प्रश्नाची शाखा मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र. प्रवेश परीक्षा देऊ दे, पण कॉम्प्युटरचा हट्ट सोडा. हाताला वळण लागायला आयटीआयचा वर्षभराचा वेल्डर ट्रेडही आहे. फक्त जुन्या यंत्रांवर पोट भरेलच, असं मी म्हणणार नाही. पण पंपांची केसिंग, इंजिनांचे ब्लॉक, लेथचे बेड हेही बिडाचेच असतात आणि तेही तडकतात.

पुढचं त्याच्यासाठी, पत्र त्याच्या हातात द्या.

बाळा, पुढच्या वेळी चिरेच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोक पाड, नाहीतर ती पुढे सरकेल. जुन्या बिडात तेल मुरलेलं असतं, ते तापवून जाळून काढ. आणि अनोळखी भाग आधी ग्राइंडरला लावून बघ. बिडाच्या ठिणग्या आखूड, लालसर असतात. ठिणगीच उडाली नाही तर ज्योत लावू नकोस. तो जस्ताचा ओतीव भाग असेल, तर चारशे अंशांच्या आतच वितळून खाली पडेल.