ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांचा जवळपासचा गट कसा शोधावा?

तुमच्या साडेतीन वर्षांच्या मुलाला नुकतंच ऑटिझमचं निदान झालंय. गाव लहान आहे, नेटवर पुष्कळ शोधूनही जवळपासचा पालकगट सापडला नाही. एक सापडला, पण त्यात उपचारांच्या जाहिरातीच जास्त, मग चांगला गट ओळखायचा कसा, असंही तुम्ही विचारलंय. आणि नवरा म्हणतो, घरच्या गोष्टी चारचौघांत कशाला सांगायच्या. मी स्वतः एका ऑटिस्टिक मुलीची आई आहे. ती आता मोठी झाली आहे आणि आमच्या पालकगटाचं काम मी बरीच वर्षं बघते आहे. त्या अनुभवावरून लिहिते.

जवळपासचे चांगले गट बहुतेक वेळा नेटवर नसतातच. ते म्हणजे आठ-दहा घरं, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी किंवा एखाद्या शाळेच्या रिकाम्या वर्गात बसणं. वेबसाइट करायला त्यांच्यापैकी कुणालाच वेळ नसतो. त्यामुळे शोधून काही निघालं नाही, म्हणजे तुमच्या भागात कुणी नाही असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 साली जगात साधारण 127 माणसांमागे एक व्यक्ती ऑटिझम असलेली होती. हे प्रमाण धरलं तर एक लाख वस्तीच्या गावात अशी सात-आठशे माणसं निघतील. त्यातल्या अनेकांचं निदानच झालेलं नसेल, अनेक जण आता प्रौढ असतील, पण तुमच्यासारखी घरं आहेत. फक्त ती एकमेकांना माहीत नाहीत.

ती भेटण्याची सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे थेरपी सेंटरची वेटिंग रूम. मूल स्पीच थेरपीला किंवा ओटीला (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून दिली जाणारी थेरपी) आत गेलं की बाहेर पाऊण तास आपण मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो, शेजारची आईही तेच करते. तिच्याशी बोला. "तुमचं किती दिवसांपासून चालू आहे?" एवढं विचारलं तरी पुरतं. आमच्या गटातली निम्मी घरं अशीच एकत्र आली. मुलाची वेळ बदलून मिळत असेल, तर महिनाभर वेगळ्या दिवशी जाऊन बघा. दर दिवशी वेगळी माणसं असतात.

दुसरी वाट म्हणजे निदान करणारे डॉक्टर, थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर. त्यांच्याकडे इतर पालकांचा नंबर मागितलात तर ते देणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. उलट करा. आपलाच नंबर एका चिठ्ठीवर लिहून द्या. त्यावर इतकंच लिहा: "मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, निदान नवीन आहे, अजून शब्द फारसे नाहीत. याच भागातल्या पालकांना भेटायची इच्छा आहे, जमलं तर फोन करा." अशा चार-पाच चिठ्ठ्या थेरपिस्टच्या हातात द्या आणि त्यांना योग्य वाटेल त्या घरी पोचवायला सांगा. मुलाचं वय आणि तो कितपत बोलतो हे आवर्जून लिहा. ज्यांचं मूल तसंच आहे, त्यांना ते वाचून फोन करावासा वाटतो.

फक्त 'ऑटिझम' या नावाने शोधू नका. स्वमग्नता, विशेष मुलं, गतिमंद मुलं, दिव्यांग मुलांचा पालक संघ, अशी सगळी नावं वापरून बघा. लहान ठिकाणी बहुधा एकच पालक संघ असतो. त्यात डाउन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम अशा सगळ्या मुलांचे आईवडील असतात. "हा आपल्यासाठी नाही" असं म्हणून तो सोडू नका. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र कुठून काढायचं, कुठली शाळा खरोखर मुलाला सांभाळते आणि कुठली नुसता प्रवेश देऊन मोकळी होते, कोणत्या दातांच्या डॉक्टरांना धीर आहे, ही माहिती अशाच संघांकडे असते. हे नियम आणि सोयी प्रत्येक ठिकाणी वेगळ्या असतात. मोठ्या शहरातल्या ऑनलाइन गटाला तुमच्या गावातलं यातलं काहीच ठाऊक नसतं, म्हणून जवळच्या माणसांना पर्याय नाही.

2 एप्रिल हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला जागतिक ऑटिझम जागरूकता दिन आहे, 2008 पासून तो पाळला जातो. त्या सुमाराला ठिकठिकाणी व्याख्यानं, मेळावे होतात. जमलं तर जा. भाषण कसंही असो, मागच्या रांगेत मुलाला घेऊन उभे राहिलेले आईवडील शोधा. तुम्हाला हवी ती माणसं तीच.

आता गट चांगला आहे हे कसं ओळखायचं? तुमच्या प्रश्नातला हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

एक उदाहरण देते. आमच्याकडे एका आईने विचारलं की मुलगा नखं कापू देत नाही, दोघांनी धरून ठेवावं लागतं, तो किंचाळतो आणि नंतर दिवसभर जवळ येत नाही. कुणी तिला "अगं, सवय होईल" म्हटलं नाही. एकीने विचारलं, त्याला कापल्याचा त्रास होतो की नेलकटरच्या कट् आवाजाचा? दुसरी म्हणाली, आंघोळीनंतर नखं मऊ असतात, तेव्हा दिवसाला एकच बोट घे आणि कोणतं बोट ते आधी त्याला दाखव. एका बाबांनी सांगितलं की ते कटर बाजूला ठेवून कानशीने नखं घासतात, त्यांच्या मुलाला ते चालतं. हे सगळं पाच मिनिटांत झालं. ती आई वहीत लिहून घेत होती. पुढच्या महिन्यात तिने सांगितलं की आवाजाचाच प्रश्न होता, कानशीने काम झालं. पहिल्या बैठकीला गेलात की असंच काही घडतंय का ते बघा. साध्या प्रश्नाला साधं, उपयोगी उत्तर मिळतंय का? उत्तर देणारा आधी मुलाबद्दल विचारतोय का?

असे गट जगात मुळात उभे राहिले ते पालकांनीच उभे केले म्हणून. 1950 आणि 60 च्या दशकांत अनेक तज्ज्ञ सरळ म्हणत होते की आईच्या थंड, कोरड्या वागण्यामुळे मूल असं होतं. आधीच खचलेल्या आयांच्या माथी हा दोष मारला गेला. 1962 मध्ये ब्रिटनमधल्या पालकांनी एकत्र येऊन संस्था काढली. 1965 मध्ये अमेरिकेत बर्नार्ड रिमलँड यांनी इतर पालकांना बरोबर घेऊन तेच केलं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. ऑटिझमचं मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे, आईच्या मायेत काही कमी नाही, हे त्यांनी ठामपणे मांडलं. आज तो जुना सिद्धांत कुणी शिकवत नाही, पण "मोबाइल दाखवलात म्हणून झालं", "आई नोकरी करते म्हणून झालं" हे तुम्हीही ऐकलं असेल. ज्या गटात हे वाक्य कुणाच्याही तोंडून येत नाही, तिथे तुमच्या मनावरचं अर्धं ओझं पहिल्याच दिवशी उतरेल.

जाहिरातींच्या त्या गटातून मात्र बाहेर पडा. ऑटिझम 'बरा' करणारं औषध नाही. बोलणं, खेळणं, स्वतःची कामं स्वतः करणं यात मुलाला मदत करता येते, आणि त्या मदतीचा खूप उपयोग होतो. पण 'शंभर टक्के रिकव्हरी', 'डिटॉक्स', 'स्टेम सेल' असे शब्द गटात रोज फिरत असतील, तर तिथे कुणीतरी दुकान मांडून बसलंय असं समजा. त्यात फक्त पैसा जातो असंही नाही. शरीरातले जड धातू काढण्याच्या नावाखाली चिलेशन केलं जातं. 2005 मध्ये अमेरिकेत पाच वर्षांच्या एका ऑटिस्टिक मुलाचा त्या उपचारादरम्यान मृत्यू झाला. 'मिरॅकल मिनरल सोल्युशन' नावाने पालकांना विकलं जाणारं द्रावण मुलाच्या पोटात गेल्यावर ब्लीचसारखं काम करतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2010 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये त्याबद्दल इशारे दिले. लसीमुळे ऑटिझम होतो असं सुचवणारा 1998 चा शोधनिबंध तो छापणाऱ्या नियतकालिकानेच 2010 मध्ये मागे घेतला, तरी तो दावा पालकांच्या ग्रुपमध्ये अजून फिरतो. म्हणून अ‍ॅडमिनला स्पष्ट विचारा: तुम्ही इथे काही विकता का? कुठल्या सेंटरशी तुमचा संबंध आहे का? वर्गणी असेल तर हिशोब सगळ्यांना दिसतो का? चांगला माणूस या प्रश्नांवर चिडत नाही.

आणखी एक गोष्ट मी नेहमी बघते. मुलाच्या मेल्टडाउनचे, म्हणजे सगळं असह्य होऊन त्याचा स्वतःवरचा ताबा सुटतो तेव्हाचे, व्हिडिओ ग्रुपवर टाकले जातात का? टाकले जात असतील तर मला तो गट नको. आपलं मूल सगळ्यात हतबल असतं त्या क्षणाचं चित्रण पन्नास अनोळखी फोनमध्ये जातं आणि ते परत घेता येत नाही. मूल उद्या मोठं होणार आहे. ते बोलत नसलं तरी त्याच्यासमोर त्याच्याबद्दल काय बोललं जातंय हे त्याला कळत असतं, असंच धरून चालावं. ज्या गटात मोठ्या वयाची ऑटिस्टिक माणसं येतात, बोलतात किंवा लिहून सांगतात, तो मिळाला तर सोडू नका. मुलाला एखादा आवाज का सोसत नाही, हे आतून सांगणारं माणूस दहा पुस्तकांच्या वरचं असतं.

वयाबद्दल सांगते. सुरुवातीला तुमच्या मुलाच्या वयाची निदान दोन तरी घरं हवीत. नाहीतर वीस वर्षांच्या मुलाच्या आईची काळजी ऐकून तुम्ही घाबरून घरी याल. पण नंतर त्याच आईचा आधार सगळ्यात मोठा वाटतो, कारण ती हे सगळं पार करून आलेली असते. आणि घरात दुसरं मूल असेल तर त्यालाही कुणीतरी हवं. अमेरिकेत डॉन मेयर यांनी 'सिबशॉप' नावाने भावंडांचे गट सुरू केले. तिथे मुलं खेळतात आणि खेळता खेळता मनातलं बोलतात. तसं काही तुमच्याकडे नसेल, तर पालकांच्या बैठकीला भावंडांना घेऊन या आणि त्यांना एकत्र खेळू द्या.

काहीच सापडलं नाही तर? मग तीन घरं मिळाली की गट झाला, असं समजा. दिवस ठरवा, महिन्यातून एकच, आणि दोनच जण आले तरी तो रद्द करू नका. आमच्या भागात सुरू होऊन बंद पडलेले गट बहुतेक तारखा पुढे ढकलत ढकलतच बंद पडले. जागा अशी निवडा जिथे मूल धावलं, ओरडलं तरी कुणी वळून बघणार नाही. मुलांकडे कोण बघणार हे आधी ठरवा, नाहीतर सगळ्या आया अर्धं लक्ष दाराकडे ठेवून बसतात आणि बोलणं होतच नाही. एकच नियम पुरतो: इथलं बोलणं बाहेर जायचं नाही. काय बोलायचं हे सुचत नसेल, तर जागतिक आरोग्य संघटनेने विकासात विलंब किंवा ऑटिझम असलेल्या, साधारण 2 ते 9 वयाच्या मुलांच्या पालकांसाठी एक प्रशिक्षण तयार केलं आहे. त्यात नऊ सामूहिक बैठका आणि तीन गृहभेटी असतात. तज्ज्ञ नसलेली पण प्रशिक्षण घेतलेली माणसंही ते चालवू शकतात. तुमच्या भागात कुणी ते घेतं का, हे थेरपिस्टकडे विचारून बघा.

गट म्हणजे डॉक्टर नव्हे, हे मात्र लक्षात असू द्या. झोप लागत नसेल, सतत रडू येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर पुढच्या बैठकीची वाट न बघता मनोविकारतज्ज्ञांना भेटा. आमच्या गटातल्या कित्येक आयांनी हे केलं आहे आणि त्याबद्दल आम्ही उघड बोलतो.

राहिले तुमचे यजमान. त्यांना आग्रह करू नका. गोल करून बसा आणि मन मोकळं करा, हे बऱ्याच बाबांना पहिल्या दिवशी झेपत नाही. त्यांना काम द्या. मुलांना मैदानात खेळवायला दोन माणसं लागतात, तिथे दुसऱ्या एखाद्या बाबांबरोबर त्यांना पाठवा. आमच्याकडचे बाबा असेच आले. झोका देता देता "तुमचा रात्री झोपतो का हो?" असं एकाने दुसऱ्याला विचारलं आणि तिथून सुरुवात झाली. पहिल्या दोन-तीन वेळा तुम्ही एकट्याच जा, घरी आल्यावर त्यांना नखांसारखी एखादी उपयोगी गोष्ट सांगा. तुम्ही कुठल्या भागात राहता ते खाली नुसतं जिल्ह्याच्या नावाने लिहिलंत, तर इथे वाचणारं त्या बाजूचं कुणीतरी उत्तर देईल. पूर्ण पत्ता आणि मुलाचं नाव मात्र लिहू नका.