एबीए थेरपीत, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांसाठी वापरल्या जाणाऱ्या, वागणं समजून घेऊन नवं शिकवण्याच्या पद्धतीत, मुलाला नेमकं काय शिकवतात? आठवड्याला ४० तास द्यावेच लागतात का?

४० तासांचा आकडा आला मानसशास्त्रज्ञ ईव्हार लोवास यांच्या १९८७च्या अभ्यासातून. तो सगळ्यांना लागू नाही. मुलाचं वय, गरज आणि दमणं बघून तास ठरवावेत.

मूळ काम म्हणजे वागण्यामागचं कारण शोधणं. समजा, कोडं समोर ठेवलं की मूल ते भिरकावतं. आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं, हे आठवडाभर लिहून काढा. कोडं फेकल्यावर दर वेळी काम थांबत असेल, तर फेकणं ही त्याची ‘आता पुरे’ म्हणायची भाषा आहे. मग ओरडायचं नाही. ‘थांबूया’चं कार्ड हातात द्यायला शिकवायचं आणि कार्ड आलं की खरोखर थांबायचं. इथेच बहुतेक पालक गडबडतात, ‘अजून एकच तुकडा’ म्हणतात.

हात धुण्यासारखं काम उलटं शिकवता येतं: बाकी सगळं तुम्ही करा, शेवटचं पुसणं तेवढं त्याच्याकडे. ते जमलं की त्याआधीची पायरी.

हात फडफडवण्याने कोणालाच त्रास नसेल, तर ते बंद करायच्या मागे लागू नका. जबरदस्तीने डोळ्यांत बघायला लावणारा थेरपिस्ट मी तरी बदलेन.