छापताना सगळीकडं शेवटचाच शेतकरी का येतो?

भावा, तुझ्या पर्ल स्क्रिप्टमध्ये डेटाबेसच्या टेबलातनं ४० नोंदी येतात, मोजल्या तर ४०च भरतात, पण पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा हिशोब) छापली की सगळीकडं शेवटच्या शेतकऱ्याचं नाव आणि वजन, असं तू लिहिलंयस. क्वेरी बदलत बसू नकोस, ती बरोबर आहे. घोळ 'पुश @नोंदी, $ओळ' या नोंदी साठवणाऱ्या ओळीत आहे.

फेचरो_अ‍ॅरेरेफ हे डेटाबेसातनं एकेक ओळ आणणारं फंक्शन दर वेळी नवा अ‍ॅरे (ओळीनं मूल्यं ठेवायची जागा) देत नाही. डीबीआय, म्हणजे पर्लला डेटाबेसशी जोडणारं मॉड्यूल, एकच अ‍ॅरे जवळ ठेवतं आणि प्रत्येक फेचला त्यातच पुढची ओळ भरतं. तुझ्या हातात येतो तो फक्त त्या अ‍ॅरेचा पत्ता. मार्केट यार्डात काट्यावर गुळाचे रवे एकामागनं एक चढतात. पावतीवर वजन लिहायचं सोडून 'काट्यावर बघा' असं लिहीत गेलं, तर संध्याकाळी प्रत्येक पावतीला शेवटच्या रव्याचंच वजन लागणार. खात्री करायची तर लूपमध्ये नुसता $ओळ छापून बघ. चाळीस वेळा तोच पत्ता दिसेल.

आता 'पुश @नोंदी, $ओळ' च्या जागी एवढं कर:

पुश @नोंदी, [ @$ओळ ];

चौकोनी कंस नवा अ‍ॅरे तयार करतो आणि त्यात त्या घडीची मूल्यं उतरतात.

फेचरो_अ‍ॅरे वापरलंस तर मूल्यांची यादी मिळते, पण 'माय @ओळ' (व्हेरिएबल जाहीर करणं) लूपच्या बाहेर लिहून \@ओळ, म्हणजे त्याचा पत्ता, पुश केलंस की पुन्हा तेच. 'माय' लूपच्या आतच हवा. एका अडत पेढीच्या पट्ट्या काढताना मी यातच अख्खी रात्र घालवलीय. बेरीज लूपमध्येच होत होती, त्यामुळं एकूण आकडा बिनचूक यायचा आणि मी छपाईच्या कोडात चूक शोधत राहिलो.

रोजच्या पट्टीला मी तर सगळ्या ओळी एकदम आणणारं सिलेक्टऑल_अ‍ॅरेरेफच घेईन, त्याच्या स्लाइस या पर्यायाला रिकामा हॅश (नाव आणि मूल्य यांच्या जोड्या) देऊन. मग प्रत्येक ओळ स्वतंत्र हॅश होते, वजन 'तिसरा रकाना' म्हणून नाही तर नावानं मिळतं, आणि उद्या कुणी क्वेरीत रकाना वाढवला तरी पट्टी बिघडत नाही.

अख्ख्या हंगामाच्या लाखो ओळी असतील तेव्हा मात्र सगळं मेमरीत ओढू नकोस. तिथं फेचरो_अ‍ॅरेरेफच घे, एकेक ओळ वाच, लगेच फाइलीत लिही, साठवू नकोस. तोच अ‍ॅरे पुन्हा वापरण्याचा खरा फायदा तिथंच मिळतो.