रस्त्याच्या कडेला लोक कचरा फेकतात, दंड न लावता हे कमी करता येते का?

हो येतं, पण बोर्ड लावायच्या आधी ती जागा एकदा चकाचक करा. माणूस आजूबाजूला पाहूनच वागतो, अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ सियाल्डिनी आणि सहकाऱ्यांच्या १९९० च्या अभ्यासात घाण जागी लोकांनी हातातली पत्रकं जास्त फेकली, साफ जागी कमी. म्हणून 'इथे सगळे कचरा टाकतात' असा बोर्ड तर उलटाच पडतो! मग एसटी स्टॉप, पानठेला, जिथं खर्र्याची पन्नी हातातून सुटते नेमका तिथंच डबा ठेवा अन् त्याच्याकडे जाणारी हिरवी पावलं रंगवा, डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये अशा पावलांनी रस्त्यावर पडणारे चॉकलेट-गोळ्यांचे कागद बरेच कमी झाले होते. फक्त डबा रोज कोण रिकामा करणार ते ग्रामपंचायतीकडून आधी पक्कं करून घ्या, भरून वाहिला की त्याचाच उकिरडा होते.