पुस्तकावरून बेस गिटार शिकतोय, निम्मी पानं झाली, सूर बरोबर लागतात, तरी वाजवलेलं गढूळ का वाटतं? क्लास लावू का?

क्लास लावायची घाई करू नका. पुस्तकाची निम्मी पानं झाली आणि सूर चुकत नाहीत म्हणताय, म्हणजे बोटं जागेवर पडतायत. राहिलंय ते सूर थांबवणं. सूर कधी सुरू करायचा हे पान ठळक दाखवतं. तो कुठे संपवायचा हे बारीकशा विरामाच्या खुणेत असतं आणि नवशिके ती ओलांडून जातात. बेसवर ते चालत नाही. बेसच्या चार तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी. खुली, म्हणजे बोटाने न दाबलेली, ई तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते, ए ५५ला. अशा जाड तारा कितीतरी सेकंद घुमत राहतात आणि पुढच्या सुरात मिसळतात.

न वाजणाऱ्या तारा गप्प ठेवायला उजवा अंगठा पिकअपवर (तारांखालची, आवाज टिपणारी पट्टी) कायमचा रोवू नका. ई वाजवताना तो पिकअपवर, ए वाजवताना ई तारेवर टेकलेला. डीवर आलात की अंगठा ईवरच ठेवा, छेडणारं बोट आपसूक एवर येऊन विसावतं. जी वाजवताना अंगठा एवर सरकवा, त्याची कड ईला लागू द्या. डी तुमचं छेडणारं बोटच गप्प ठेवतं.

डाव्या हाताचं बोट विरामाला तारेवरून उचलू नका. दाब सोडा, स्पर्श ठेवा, आणि शेजारचं आणखी एक बोट टेकवा. एकच बोट टेकलेलं असेल तर पाचव्या किंवा सातव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या; दोन पट्ट्यांमधल्या घरालाही फ्रेटच म्हणतात) बारीक शिट्टीसारखा हार्मोनिक निघतो.

आता क्वार्टर नोटांचं (एक ठोका टिकणारे सूर) एखादं जुनंच पान घ्या. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा अ‍ॅप) मिनिटाला ६० ठोक्यांवर, पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्याला सूर, दुसऱ्या-चौथ्याला पूर्ण शांतता. फोनवर रेकॉर्ड करून हेडफोननेच ऐका, कारण फोनच्या स्पीकरमधून खालचे सूर नीट येतच नाहीत. विराम स्वच्छ आले की ८०. ते जमेपर्यंत पान झालं असं धरू नका.

बऱ्याच पुस्तकांत पहिल्या फ्रेटांपाशी तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी (१-२-४) एवढीच बोटं देतात, ती तशीच वापरा. ही डबल बेसच्या (उभं धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य) सिमांडल पद्धतीची बोटं आहेत. ३४ इंच लांबीच्या तारांच्या बेसवर पहिला फ्रेट जवळजवळ ४८ मिलिमीटर रुंद असतो, तिथे चार फ्रेटांना चार बोटं ताणली की मनगट दुखायला लागतं. पाचव्या-सातव्या फ्रेटपुढे चार बोटं आरामात बसतात.

आणि कृपा करून नोटेशनखाली फ्रेटचे आकडे लिहू नका! डोळे आकड्यांवरच जातात, वाचन तिथेच थांबतं. खुल्या तारांच्या चार जागा पाठ करा: ई स्टाफखालच्या (सूर लिहायच्या पाच रेघा) जादा रेघेवर, ए सर्वांत खालच्या घरात, डी मधल्या रेघेवर, जी सर्वांत वरच्या घरात. बाकीचे सूर तिथून मोजता येतात.

एवढं करूनही खरखर राहिली तर बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या मागे पडतंय ना ते पाहा. तेही ठीक असेल आणि एकाच तारेवर सगळीकडे खरखर येत असेल, तर दुकानात सेटअप (तारांची उंची वगैरेची जुळणी) करून घ्या.