कवितेची वकिली करू नकोस

प्रिय मुली,

तुझे पत्र दोनदा वाचले. पहिले दोन महिने मुक्तछंद लिहायचा नाही, प्रत्येक कविता भुजंगप्रयात या वृत्तातच हवी आणि वर्गात चर्चा चालू असताना कवीने एक शब्दही बोलायचा नाही, या तीन नियमांना कंटाळून तू कवितेचा अभ्यासक्रम सोडायला निघाली आहेस. ज्या वृत्तात ‘कविता’ हा शब्दच बसत नाही ते मी कशासाठी गिरवू, असे तू विचारतेस. तुझे निरीक्षण अचूक आहे. भुजंगप्रयाताच्या १२ अक्षरांत ‘लगागा’, म्हणजे एक लघू आणि दोन गुरू अक्षरे, चार वेळा येते, त्यामुळे दोन लघू अक्षरे कधीच शेजारी येत नाहीत, आणि ‘कविता’ची पहिली दोन्ही अक्षरे लघू आहेत. म्हणून तू ‘कवीता’ लिहिलेस आणि सरांनी तिच्याखाली लाल रेघ ओढली. पण मुक्कामी एसटीत झोपणाऱ्या कंडक्टर वडिलांवरच्या कवितेत ‘कविता’ हा शब्द आला कशाला? वृत्ताने त्याला दारातच अडवले, हे बरेच झाले. ‘मुक्काम’ मात्र त्यात सहज बसतो, आणि तो तुझ्या वडिलांच्या रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. रामदासांनी मनाचे २०५ श्लोक याच वृत्तात रचले. ते मोठ्याने म्हणून पाहा, बोलण्याची लय त्यात कुठेही अवघडत नाही.

वृत्ताचे एवढे पुरे. मला काळजी वाटते ती गप्प बसण्याच्या नियमावरच्या तुझ्या रागाची. एका मुलाने ‘ही बातमी वाटते’ असे म्हणताच तू नियम मोडून उठलीस आणि वडील पैशांची पिशवी उशाशी घेऊन कसे झोपतात, रात्रीतून दोनदा उठून ती कशी चाचपतात, हे सांगितलेस. ते ऐकून वर्ग स्तब्ध झाला, असे तू अभिमानाने लिहिले आहेस. अगं, मग ती पिशवी कवितेत का नव्हती? वर्ग ज्याने हलला ते तू कागदाबाहेर ठेवलेस आणि तोंडाने भरून काढलेस. कवितेची वकिली करू नकोस. उद्या ती कविता कुणी परगावी वाचेल, तेव्हा तू शेजारी उभी नसशील.

हे मी इतक्या तळमळीने लिहिते, कारण पंचवीस वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत मी पाऊण तास माझ्या कवितेची बाजू मांडली होती. शेवटचे कडवे उपरे आहे, असे सगळ्यांचे म्हणणे होते. मी ऐकले नाही, दुसऱ्या दिवसापासून गेले नाही, आणि ती कविता त्या कडव्यासकट संग्रहात छापली. आज ते पान उघडले की मी ते कडवे वाचत नाही. तिथले मार्गदर्शक उद्धट होते, हे मी आजही म्हणेन. नवशिक्या मुलीचा कागद सर्वांसमोर हेल काढून वाचणे हा शिकवण्याचा मार्ग नव्हे, आणि त्या अपमानाविरुद्ध मी उठले यात माझी चूक नव्हती. माझी चूक एवढीच, की त्यांचा उद्धटपणा मी कडव्याच्या बचावासाठी वापरला. या दोन गोष्टी वेगळ्या होत्या, आणि त्या वेगळ्या करायला मला अनेक वर्षे लागली.

वर्गात एकमेकांच्या प्रत्येक ओळीला वाहवा देणारा चौघांचा गट आहे, तो तुला आपल्यात घेत नाही, असे तू लिहितेस. त्यात तुझे काही बुडत नाही. ‘बातमी’ म्हणणाऱ्या मुलाकडे मात्र लक्ष दे. आपण नेमक्या कोणत्या ओळीला दुरावलो हे सांगणारा तो एकटाच होता, हे तुझ्याच पत्रात आहे. तो बोलताना तू मनात उत्तर जुळवत होतीस, म्हणून तुला ते ऐकू आले नाही. वकिली करू नकोस म्हणते ती मनातल्या मनातसुद्धा.

अभ्यासक्रम सोडायचाच असेल तर दोन महिन्यांनी सोड, मी अडवणार नाही. येत्या गुरुवारी तीच कविता पुन्हा वाच, पिशवीसह. नंतर प्रत्येकजण काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत उतरवून घे आणि तो कागद मला पाठव. तुझे म्हणणे त्यात एका ओळीनेही नको.

तुझी,
ताई