लेकीची वही आणि प्राध्यापकीची वाट

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही बीड जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहात. लेक बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय समाजशास्त्र. तिनं पोलीस भरती नाहीतर एमपीएससी करावी, असं तिच्या वडिलांचं म्हणणं. तिला मात्र कॉलेजातल्या मॅडमसारखं प्राध्यापक व्हायचंय, आणि पोळ्यापासून ती वही घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांशी बोलत फिरतेय. तुम्ही विचारलंत, "लोकांच्या घरचं विचारत फिरणं ही काय नोकरी झाली?"

झाली, ताई. आणि त्यातलं थोडं काम तुम्ही स्वतः रोज करता. दसरा-दिवाळी झाली की तुमच्या अंगणवाडीतली पोरं कमी होतात. नाव पटावर राहतं, पोर कारखान्याजवळच्या कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, गेलेलं असतं. परत येतं तेव्हा वजनकाट्यावर काय दिसतं, ते तुम्हीच मला सांगाल. का गेलं, कोणाबरोबर गेलं, मोठ्या बहिणीची शाळा त्यापायी कशी सुटली, हे तुम्हाला तोंडपाठ असतं, पण रजिस्टरमध्ये 'का' लिहायला रकाना नसतो. समाजशास्त्राचा अभ्यास त्या रकान्यापासून सुरू होतो.

लेकीचा एक प्रश्न तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, मिळते कोयत्याला, म्हणजे नवरा-बायको दोघांना मिळून. मग मुकादम, म्हणजे तोडीला माणसं नेणारा ठेकेदार, पैसे मोजून देतो ते कोणाच्या हातात? या एका प्रश्नावर पीएच.डी. उभी राहू शकते. बाई दुखण्यानं पडली आणि खाडा झाला, तर तो कोणाच्या हिशेबात धरतात? नवरा गेला, तर फिटायची राहिलेली उचल कोणाच्या डोक्यावर? वीस वर्षं मुलांना मार्ग दाखवतेय, पण इतका नेमका प्रश्न घेऊन येणारी मुलं मला फार थोडी भेटलीत.

या वाटेनं आपल्याकडे मोठी माणसं गेलीत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या इरावती कर्व्यांनी कोयना धरणानं उठवलेल्या माणसांची पाहणी केली. जाई निंबकरांबरोबर लिहिलेला त्या पाहणीचा अहवाल 1969 साली छापून आला. धरणाची उंची आणि विजेचे आकडे सरकारदरबारी होतेच. उठलेली माणसं कुठं गेली आणि कशी जगली, हे कोणीतरी त्यांच्याकडे जाऊन विचारायलाच हवं होतं. गेल ऑमव्हेट अमेरिकेतून सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करायला आल्या, 1973 मध्ये बर्कलेहून डॉक्टरेट घेतली आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्याच होऊन राहिल्या. परित्यक्ता बायकांच्या चळवळीत त्या स्वतः होत्या. अभ्यास आणि चळवळ यांच्यात त्यांनी भिंत घातली नाही. पुण्यात शर्मिला रेगे होत्या, 2013 साली अकाली गेल्या. दलित बायकांच्या आत्मकथनांना त्यांनी अभ्यासाच्या मधोमध आणलं, आणि मराठीतून शिकून आलेल्या मुलांना विद्यापीठात बुजल्यासारखं होऊ नये म्हणून दोन्ही भाषांतून शिकवण्याचा आग्रह धरला. तुमच्या लेकीसारखीच्या आयुष्यात अशी शिक्षिका येणं हाच मला मोठा सामाजिक बदल वाटतो. तिच्या मॅडमनी तो केलाच आहे. त्यांना माझा नमस्कार कळवा.

आता पैशाचं. अनुदानित किंवा सरकारी कॉलेजात पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होतं, वर भत्ते. पण तिथवर पोचायला वेळ लागतो, हे तुमच्यापासून लपवणार नाही. बरीच मुलं आधी वर्षानुवर्षं सीएचबीवर, तासाच्या हिशेबानं शिकवतात. माझी एक विद्यार्थिनी दोन गावांतल्या दोन कॉलेजांत तास घ्यायची आणि सुट्टीच्या महिन्यांत तिच्या हाती काही पडायचं नाही. नेमणुकीसाठी कोणी पैसे मागितले, तर शेत गहाण टाकू नका. त्या दारातून परत या.

म्हणून मी तिला सरळ सांगेन की जेआरएफवर, म्हणजे संशोधनासाठीच्या सरकारी शिष्यवृत्तीवर, डोळा ठेव. एम.ए.ला 55 टक्के हवेत, राखीव प्रवर्गाला 50. मग नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि जेआरएफसाठीची देशपातळीवरची परीक्षा, वर्षातून दोनदा होते. जेआरएफ मिळाली तर संशोधनासाठी पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000 रुपये मिळतात. जेआरएफला वयाची अट 30 आहे, मुलींना पाच वर्षांची सूट. तेव्हा लग्नाची घाई करणाऱ्या नातेवाइकांना हा पस्तीसचा आकडा ऐकवा. राज्याची सेट परीक्षाही द्यावी, ती महाराष्ट्र आणि गोव्यात प्राध्यापक व्हायला चालते. नेटचा समाजशास्त्राचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, म्हणून इंग्रजी वाचनाला आजच लागायचं. रोज चार पानं, अडलेला शब्द वहीत.

एम.ए. छत्रपती संभाजीनगरला करावं, घराजवळ आणि खर्चाला झेपेल असं. पुणे, हैदराबाद किंवा मुंबईचं टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) मिळालं तर मात्र पाठवाच. तिथलं ग्रंथालय आणि सोबतची मुलं पुढं फार उपयोगी पडतात.

तिच्या वडिलांची काळजी चुकीची नाही. त्यांना सांगा, समाजशास्त्र यूपीएससीला वैकल्पिक विषय म्हणून घेता येतं आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. एम.ए.ची दोन वर्षं त्या वाटेवरही वाया जात नाहीत. दोन वर्षांनी पुन्हा बसून ठरवू, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या.

आणि एक काम आज रात्रीच करा. लेकीला विचारा, वहीत बायकांची खरी नावं लिहिली आहेत का? असतील तर ती पानं नव्यानं, नावं बदलून उतरवायला सांगा. गाव, वस्ती, मुकादमाचं नावसुद्धा बदलायचं. जुनी पानं तिनं स्वतःच्या हातानं जाळावीत. कोणत्या बाईनं काय सांगितलं हे मुकादमाच्या कानावर गेलं, तर पुढच्या हंगामात तिला उचल मिळायची नाही. इथून पुढं बोलायला बसण्याआधी प्रत्येकीला सांगायचं की मी हे कशासाठी लिहून घेतेय, आणि ती नको म्हणाली तर वही मिटायची.